लहान वाइनरीची स्पॅनिश मिश्र रेड वाइन कशी चाखावी : नवोदितांसाठी मार्गदर्शन

स्पेनमधील रेड वाइनची ओळख करून घेऊ इच्छिणाऱ्याने रिओहा प्रदेशातील एखाद्या लहान वाइनरीच्या मिश्र वाइनपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. मिश्र वाइन म्हणजे दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांपासून केलेली वाइन. रिओहामध्ये तेम्प्रानियो या मुख्य द्राक्षाला गार्नाचा, ग्राथियानो किंवा माथुएलो यांची जोड देण्याची जुनी रीत आहे. मोठ्या कंपन्या दरवर्षी चव सारखीच राहावी म्हणून अनेक गावांची द्राक्षे एकत्र करतात. लहान वाइनरीकडे मात्र एक-दोन गावांतील मोजकेच मळे असतात, त्यामुळे त्या वर्षीचे हवामान, त्या जमिनीचा गुण आणि मिश्रण करणाऱ्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी तिच्या बाटलीत अधिक उघडपणे जाणवतात.

वाइन चाखणे म्हणजे चेरी, व्हॅनिला, तंबाखू अशी वासांची नावे भराभर सांगता येणे, असा नवोदितांचा समज असतो. ती नावे हळूहळू येतात आणि ती आली नाहीत तरी फारसे बिघडत नाही. मिश्र वाइन चाखताना तीन प्रश्न मनात ठेवावेत: कोणते द्राक्ष काय काम करते आहे, लाकडी पिंपाचा वाटा किती आहे, आणि बाटली उघडल्यानंतर तासागणिक वाइन कशी बदलते. पुढील सर्व पायऱ्या या तीन प्रश्नांच्या उत्तरांसाठीच आहेत.

बाटली निवडणे आणि लेबल वाचणे

रिओहा हा उत्तर स्पेनमधील एब्रो नदीच्या खोऱ्यातला प्रदेश असून त्याचे रिओहा आल्ता, रिओहा आलावेसा आणि रिओहा ओरिएन्ताल असे तीन भाग मानतात. लहान वाइनरी शोधणाऱ्याने आलावेसाकडे आधी पाहावे. एब्रोच्या उत्तरेला, सिएरा दे कान्ताब्रिया या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या लाग्वार्दिया, एल्सिएगो, लाबास्तीदा अशा गावांत स्वतःच्या मळ्यातील द्राक्षांची स्वतः वाइन करणारी शेतकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या आहेत. अशा उत्पादकाला तेथे कोसेचेरो म्हणतात. डोंगररांग उत्तरेकडून येणारे थंड, दमट वारे अडवते आणि जमीन चुनखडीयुक्त चिकणमातीची आहे, त्यामुळे तेथील तेम्प्रानियोला चांगला ताजेपणा लाभतो.

रिओहाच्या बाटलीच्या मागील बाजूस नियामक मंडळाची एक छोटी पट्टी असते आणि तिचा रंग बरेच काही सांगतो. लाल पट्टी क्रियान्थाची असते, म्हणजे किमान 2 वर्षे मुरवलेली आणि त्यांपैकी किमान 1 वर्ष ओक या झाडाच्या लाकडाच्या पिंपात ठेवलेली वाइन. गडद तांबूस पट्टी रेसेर्वाची असते, आणि त्यासाठी किमान 3 वर्षे लागतात, ज्यांत निदान 1 वर्ष पिंपात आणि 6 महिने बाटलीत गेलेले असावे लागतात. निळी पट्टी ग्रान रेसेर्वाची असून तिला किमान 5 वर्षे, त्यांतील 2 पिंपात आणि 2 बाटलीत, अशी अट आहे. हिरवी पट्टी असलेल्या वाइनला मुरवण्याची कोणतीही अट लागू नसते. दुकानात क्रिआंझा असा उच्चार ऐकू आला तर तीच ही क्रियान्था आहे हे ध्यानात ठेवावे.

येथे नवोदित हमखास एक चुकीचा निष्कर्ष काढतात. हिरवी पट्टी म्हणजे हलकी, स्वस्त वाइन असे ते समजतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरेही असते. परंतु क्रियान्था, रेसेर्वा ही नावे लावायची तर वाइन सुमारे 225 लिटरच्या ओक पिंपात मुरलेली असावी लागते. अनेक लहान उत्पादक आपली वाइन 500 लिटरच्या मोठ्या पिंपात किंवा सिमेंटच्या टाकीत मुरवतात, कारण त्यांना लाकडाचा वास कमी आणि मळ्याची चव अधिक हवी असते. अशी वाइन दोन वर्षे जपलेली असली तरी तिला हिरवी पट्टीच मिळते. म्हणून लहान वाइनरीच्या बाबतीत पट्टीच्या रंगापेक्षा मागच्या लेबलवरील मजकूर आणि वर्ष यांना अधिक महत्त्व द्यावे.

द्राक्षांचे प्रमाण लेबलवर छापलेले असेल तर ते वहीत उतरवून घ्यावे. केवळ एकाच द्राक्षाचे नाव दिसले तरी ती वाइन शंभर टक्के त्याच द्राक्षाची आहे असे धरून चालू नये, कारण युरोपीय संघाच्या नियमानुसार 85 टक्के द्राक्षे एका जातीची असली की त्या एकट्या जातीचे नाव लेबलवर देता येते. पहिल्या अभ्यासासाठी तेम्प्रानियो 80 ते 85 टक्के आणि उरलेला भाग गार्नाचा व ग्राथियानो, अशा धर्तीची तीन ते पाच वर्षांपूर्वीच्या हंगामाची बाटली मिळाल्यास उत्तम. त्या वयात फळाचा जोर टिकून असतो आणि मुरल्याच्या खुणाही दिसू लागलेल्या असतात.

चार द्राक्षांचा स्वभाव

बाटली उघडण्यापूर्वी या चार द्राक्षांचा स्वभाव जाणून घेतला तर पुढचे काम सोपे होते. तेम्प्रानियो लवकर पिकते. त्याला स्ट्रॉबेरी, चेरी व आलुबुखार या फळांचा गंध असतो आणि मुरल्यावर त्यात तंबाखूचे पान, कातडे यांच्या छटा येतात. त्याचा तुरटपणा मध्यम, पण आंबटपणा बेताचाच असतो, आणि उष्ण वर्षी तर तो फारच उतरतो. मिश्रणाची गरज मुळात येथूनच निर्माण होते. ग्राथियानोची थोडी भर घातली की आंबटपणा, गडद रंग आणि फुलांकडे झुकणारा उग्र सुवास मिळतो. हे द्राक्ष उशिरा पिकते आणि उत्पन्नही कमी देते, म्हणून विसाव्या शतकात अनेक शेतकऱ्यांनी ते उपटून टाकले. आज लहान वाइनरी ते जिद्दीने जपताना दिसतात आणि त्याबद्दल मला त्यांचे मनापासून कौतुक वाटते. पाच टक्के ग्राथियानोसुद्धा वाइनचा कणा ताठ करू शकते.

गार्नाचाची साल पातळ असते. त्याचा रंग फिका, पण अंगी साखर भरपूर, त्यामुळे वाइनमध्ये अल्कोहोल वाढते आणि रासबेरीसारखा मोकळा, गोडसर फलगंध व पांढऱ्या मिरीची छटा येते. तोंडात जाणवणारा भरीवपणा व ऊब बहुधा त्याचीच असते. माथुएलो, ज्याला इतरत्र कारिन्येना म्हणतात, ते आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही वाढवते. त्याचे प्रमाण सहसा अल्प असते. याच कारिन्येनाला गार्नाचाची जोड देऊन कॅटलोनियातील प्रिओरात या प्रदेशात पाटीच्या काळ्या दगडांच्या उतारांवर अतिशय घट्ट, जोरकस वाइन करतात. ती पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावी.

मिश्रण नेहमी तळघरातच होते असे नाही. रिओहातील जुन्या मळ्यांमध्ये एकाच वाफ्यात निरनिराळ्या जातींचे वेल लावलेले असत, त्यांत विउरासारखे पांढरे द्राक्षही असे, आणि सगळ्यांची तोडणी एकत्रच होई. लहान वाइनरीच्या लेबलवर जुन्या मळ्याचा उल्लेख असेल आणि द्राक्षांचे प्रमाण दिलेले नसेल, तर बहुधा अशा मिश्र लागवडीची ती वाइन असते. तिच्यात वेगवेगळ्या द्राक्षांच्या कडा एकमेकींत अधिक मिसळलेल्या जाणवतात.

चाखण्याची तयारी

तयारीत सर्वांत महत्त्वाचे तापमान आहे, आणि महाराष्ट्रातील घरांत नेमके तेथेच दुर्लक्ष होते. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातील जुन्या, थंड घरांसाठी होता. पुण्यात किंवा नागपुरात एप्रिल महिन्यात खोली 30 अंशांच्या वर असते आणि त्या तापमानाला अल्कोहोल नाकाला झोंबते, फळाचा गंध शिजल्यासारखा लागतो आणि आंबटपणा हरवतो. क्रियान्था धाटणीच्या वाइनसाठी 16 ते 18 अंश सेल्सिअस आणि पिंपात न ठेवलेल्या ताज्या वाइनसाठी 14 ते 15 अंश योग्य असतात. 30 अंशांच्या खोलीतील बाटली तेथपर्यंत आणण्यासाठी फ्रिजमध्ये साधारण दीड तास ठेवावी लागते, तर बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटांत तेच काम होते. ग्लासात ओतल्यावर ती पुन्हा भराभर तापते, म्हणून किंचित अधिक गार असतानाच सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, काच पातळ व कोरी असावी. वाइन ओतण्यापूर्वी रिकाम्या ग्लासाचा वास घ्यावा, कारण कपाटातील लाकडाचा, साबणाचा किंवा पुसण्याच्या फडक्याचा वास त्यात राहिलेला असतो आणि तो वाइनच्या माथी मारला जातो. असा वास आला तर ग्लास कोमट पाण्याने धुऊन निथळू द्यावा आणि नंतर चमचाभर वाइन आत फिरवून टाकून द्यावी. त्या दिवशी घरात उदबत्ती, अत्तर आणि ताजी फोडणी यांचा वास नसावा. चहा, पान किंवा तिखट खाल्ल्यानंतर निदान तासभर थांबावे. चार-पाच जणांनी मिळून एक बाटली चाखणे उत्तम. 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 50 मिलिलिटरचे पंधरा माप निघतात, म्हणजे प्रत्येकाला तीन वेगवेगळ्या वेळी चाखता येते. जवळ पाणी, कोरा पाव आणि थुंकण्यासाठी एक भांडे ठेवावे. थुंकण्यात संकोच बाळगू नये, कारण वाइन परीक्षकांची ती रोजची पद्धत आहे आणि तिसऱ्या घोटानंतरही नाक-जीभ त्यामुळेच शाबूत राहते.

डोळ्यांनी

ही पायरी अर्ध्या मिनिटात उरकण्यासारखी आहे. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरपा धरावा आणि मध्यभाग व कड यांच्या रंगातील फरक पाहावा. जांभळट कड म्हणजे कोवळी वाइन, माणकासारखा लाल रंग जाऊन विटकरी छटा आली असेल तर वय झालेली वाइन. रंग फिका पण अल्कोहोल जोरदार असेल तर गार्नाचाचा वाटा मोठा असावा असा कयास करता येतो. ग्लासाच्या आतल्या बाजूने ओघळणारे थेंब अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे तयार होतात, त्यांच्यावरून दर्जा ठरवू नये. लहान वाइनरी पुष्कळदा वाइन न गाळताच बाटलीत भरतात, त्यामुळे ती किंचित धूसर असणे किंवा तळाशी गाळ असणे हा दोष नव्हे. गाळ दिसला तर बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी आणि ओतताना शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्यावेत.

नाकाने

येथे मात्र भरपूर वेळ द्यावा. पहिला वास ग्लास न हलवता घ्यावा. त्यात जे हलके, चटकन उडून जाणारे गंध असतात, ते हलवल्यावर इतर गंधांखाली दबतात. मग ग्लास टेबलावर ठेवूनच तीन-चार वेळा गोल फिरवावा आणि छोटे छोटे हुंगावे, कारण एकच दीर्घ श्वास घेतला तर नाक लगेच थकते. थकलेच तर स्वतःच्या मनगटाचा किंवा पाण्याचा वास घेऊन दोन मिनिटे थांबावे.

पहिला शोध फळाचा घ्यावा. फळ लाल आहे की काळे, ताजे आहे की सुकलेले, एवढेच आधी ठरवावे. परदेशी पुस्तकांत ज्या बोरवर्गीय फळांची नावे येतात ती आपल्यापैकी अनेकांनी ताजी खाल्लेली नसतात, म्हणून आपल्या ओळखीची फळे निर्धास्त लिहावीत. गडद, किंचित तुरट फळासाठी जांभूळ किंवा पिकलेले करवंद, आंबट-लाल फळासाठी आमसूल, सुकलेल्या फळासाठी काळ्या मनुका किंवा खजूर, या नोंदी तितक्याच अचूक आहेत आणि पुढच्या वेळी तुम्हाला त्यांचा अर्थ नक्की आठवेल. फळाचा गंध स्ट्रॉबेरीच्या जॅमसारखा किंवा पिकलेल्या केळ्यासारखा ठळक आला तर ती वाइन आलावेसाच्या जुन्या पद्धतीने केलेली असू शकते. त्या पद्धतीत द्राक्षांचे अखंड घड न चिरडता लागो नावाच्या दगडी किंवा सिमेंटच्या हौदात टाकतात आणि आंबण्याची क्रिया मण्याच्या आतच सुरू होते. अशी वाइन कोवळी असतानाच प्यायची असते, तिच्यात पिंपाचा गंध शोधण्यात अर्थ नाही.

दुसरा शोध लाकडाचा. रिओहाच्या वाइनमध्ये तो अतिशय मनोरंजक असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लाबास्तीदाच्या मानुएल किन्तानो या धर्मगुरूने फ्रान्समधील बोर्दो या वाइन-प्रदेशाची पिंपात मुरवण्याची पद्धत रिओहात आणून पाहिली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्सचे मळे फिलॉक्सेरा या किडीने उद्ध्वस्त केल्यावर बोर्दोचे व्यापारी रिओहाकडे वळले तेव्हा ती पद्धत तेथे पक्की झाली. पिंपाचा आकार बोर्दोचा, पण लाकूड बरेचसे अमेरिकेतील ओकचे, असा रिओहाचा पारंपरिक मेळ बसला. अमेरिकन ओकमधून व्हॅनिलाबरोबर खोबऱ्याचा आणि शेपूचा वास वाइनमध्ये उतरतो. फ्रेंच ओक अधिक संयत असून त्यातून लवंग, दालचिनी आणि भाजल्याचा वास येतो.

हे ओळखण्यासाठी मराठी स्वयंपाकघराइतकी चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण आहे. चार वाट्या घ्याव्यात. एकीत किसलेले सुके खोबरे, दुसरीत चुरगळलेली शेपूची दोन पाने, तिसरीत दोन ठेचलेल्या लवंगा आणि चौथीत चमचाभर भाजलेली कॉफीपूड ठेवावी. वाट्या वाइनपासून हातभर दूर, झाकून ठेवाव्यात. ग्लासाचा वास घ्यावा, एका वाटीचे झाकण काढून वास घ्यावा, पुन्हा ग्लासाकडे यावे. जुन्या धाटणीच्या क्रियान्थामध्ये शेपूची वाटी हुंगल्यावर ग्लासात अचानक तोच हिरवा, किंचित उग्र धागा सापडतो, आणि एकदा सापडला की तो पुन्हा कधी निसटत नाही. शेपू न आवडणाऱ्यांनाही तो ओळखता येतो, किंबहुना त्यांना तो आधी कळतो. लवंगेची वाटी जुळली आणि खोबरे-शेपू जुळले नाहीत, तर पिंप बहुधा फ्रेंच ओकचे असावे. चारही वाट्यांशी काहीच जुळले नाही तर पिंप जुने असेल किंवा वापरलेलेच नसेल, आणि लहान वाइनरीच्या बाबतीत ही शक्यता बरीच मोठी असते.

तिसरा शोध वयाचा. कोल्हापुरी चपलेच्या कोऱ्या कातड्याचा, तंबाखूच्या सुक्या पानाचा, पावसाळ्यातील झाडाखालच्या पालापाचोळ्याचा वास ही मुरलेल्या तेम्प्रानियोची लक्षणे आहेत. तीन वर्षांच्या वाइनमध्ये त्यांची चाहूलच असते, दहा वर्षांच्या रेसेर्वामध्ये तीच पुढे येऊन बसतात.

जिभेने

साधारण दोन चमचे वाइन तोंडात घ्यावी आणि आठ-दहा सेकंद सर्वत्र फिरवावी. ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढली तर गंध पुन्हा वर चढतो. हे आधी पाण्यावर करून पाहावे म्हणजे ठसका लागत नाही.

नवोदितांचा सर्वांत मोठा घोटाळा आंबट आणि तुरट यांत होतो. त्यासाठी जागा आणि परिणाम पाहावा. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटली तर तो आंबटपणा, आणि हिरड्या व ओठांची आतली बाजू कोरडी, खरखरीत झाली तर तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतील तुरट घटकाचा, तुरटपणा होय. अर्धे कच्चे जांभूळ खाल्ल्यावर दोन्ही एकदम जाणवतात, पण एक ओले असते आणि एक कोरडे. चांगल्या रिओहा मिश्रणात तुरटपणा बारीक, रेशमी असावा. तो ओरखडे काढणारा असेल तर वाइन अजून कोवळी आहे किंवा बिया व देठांचा अर्क जास्त उतरला आहे.

त्यानंतर ऊब पाहावी. घशाशी जाणवणारी धग अल्कोहोलची असते. या वाइनमध्ये ते 13.5 ते 14.5 टक्क्यांच्या आसपास असणे सामान्य आहे, आणि फळ व आंबटपणा यांच्या जोडीने ते आले तर टोचत नाही. शेवटी, घोट संपल्यानंतर चव किती वेळ रेंगाळते ते मनात आकडे मोजून पाहावे. पाच सेकंदांत सारे संपले तर वाइन साधी आहे. पंधरा-वीस सेकंदांनंतरही फळ किंवा मसाला जाणवत असेल तर द्राक्ष उत्तम होते.

आता मिश्रणाचा विचार करावा. पहिल्या क्षणी येणारे चेरीचे फळ तेम्प्रानियोचे, मधल्या भागातील भरीवपणा व गोडसर ऊब गार्नाचाची, आणि शेवटी सारे उचलून धरणारा आंबटपणा व गडद फुलांचा गंध ग्राथियानोचा, अशी मांडणी अनेक वाइनमध्ये लागू पडते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे, कारण जमीन, तोडणीची वेळ आणि पिंप यांनीही असेच परिणाम होतात. तरीही हा सराव फार उपयोगी आहे. तो पक्का करायचा असेल तर एकदा नुसत्या गार्नाचाची आणि एकदा नुसत्या तेम्प्रानियोची बाटली शेजारी ठेवून चाखावी. नाशिक परिसरातील काही वाइनरींनीही तेम्प्रानियो लावले आहे आणि ती तुलनाही उद्बोधक ठरते. रिओहात वेल हिवाळ्यात झोपतो आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. नाशिकमध्ये वेल झोपतच नाही, त्याची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर फळ छाटणी होते, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. मणी पक्व होताना पुढे उन्हाळा असणे आणि पुढे हिवाळा असणे यांतला फरक फळाच्या पिकलेपणात आणि आंबटपणात शोधावा.

वेळ देणे

लहान वाइनरीची वाइन उघडल्या-उघडल्या मिटलेली असते, म्हणजे तिचा गंध दबलेला असतो, असा माझा अनुभव आहे. त्यामुळे पहिल्या घोटावर मत बनवू नये. उघडल्याबरोबर, अर्ध्या तासाने आणि दीड तासाने अशा तीन नोंदी कराव्यात, आणि प्रत्येक नोंद आधीची न वाचता लिहावी. बहुतेक वेळा सुरुवातीला लाकूड पुढे असते, अर्ध्या तासाने फळ वर येते आणि दीड तासाच्या सुमारास दोन्ही एकमेकांत मिसळतात. तुरटपणा फारसा कमी होत नाही, पण फळ उमलल्यामुळे तो तितका बोचत नाही.

थोडी वाइन दुसऱ्या दिवसासाठी राखावी. उघडल्याबरोबरच एका स्वच्छ लहान बाटलीत ती काठोकाठ भरून, घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी म्हणजे हवेशी संपर्क कमीत कमी राहतो. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या दिवसापेक्षा चांगली लागली तर त्या वाइनमध्ये आणखी काही वर्षे टिकण्याचे बळ आहे असे समजावे.

दोष ओळखणे

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या गोणपाटाचा वास आला आणि फळ मुके वाटले, तर बुचातून आलेला दोष समजावा. हा वास हवेने जात नाही, उलट वाढतो, आणि अशी बाटली दुकानदाराला परत देणे योग्यच आहे. सडक्या अंड्याचा किंवा विझलेल्या काडीचा वास मात्र हवेअभावी आलेला असतो आणि ग्लास जोराने फिरवल्यावर पुष्कळदा निघून जातो. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा झणका स्पष्ट असेल तर वाइन बिघडलेली आहे. घोड्याच्या तबेल्यासारखा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टमुळे येतो. तो अगदी पुसट असला तर काहींना आवडतो, मला तो फळावर कुरघोडी करू लागताच नकोसा होतो. न गाळलेली वाइन म्हणून सर्व काही माफ करण्याची प्रवृत्ती अलीकडे वाढली आहे. ती योग्य नाही, कारण धूसरपणा ही उत्पादकाची निवड असते, पण जिभेला बुडबुडे टोचत असतील आणि पिठाळ वास येत असेल तर बाटलीत पुन्हा आंबण्याची क्रिया झाली आहे आणि तो दोषच आहे.

जेवणासोबत

आधी नुसती वाइन चाखून नोंदी पूर्ण कराव्यात, मगच पदार्थ घ्यावा. आलावेसात द्राक्षवेलींच्या वाळलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर कोकराच्या बरगड्या भाजतात, आणि मांसातील प्रथिने व चरबी यांच्यामुळे तुरटपणा कसा मऊ होतो हे त्या जोडीत लगेच कळते. आपल्याकडे कमी तिखटाचे मटण सुके, भाजलेले वांगे किंवा खारट, जुने चीज यांच्याबरोबर तोच अनुभव येतो. तिखट वाढले की अल्कोहोलची धग आणि तुरटपणा दोन्ही भडकतात, म्हणून झणझणीत रश्शाबरोबर ही वाइन घेऊ नये. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर तोंडात धातूची चव येते.

दुसरी बाटली

शक्य असेल तर एकाच वाइनच्या दोन बाटल्या घ्याव्यात आणि दुसरी वर्षभराने पहिल्या नोंदी समोर ठेवून उघडावी. लहान वाइनरीकडे पत्र पाठवून चार गोष्टी विचाराव्यात: द्राक्षे एकत्र आंबवली की वेगवेगळी, पिंप कोणत्या लाकडाचे आणि कितव्यांदा वापरलेले, बाटलीत कधी भरली आणि गाळली होती की नाही. घरच्या लोकांनीच चालवलेल्या ठिकाणाहून अशा प्रश्नांना बहुधा आपुलकीने उत्तर येते. दुसरी बाटली आडवी, अंधारात आणि स्थिर तापमानात ठेवावी. स्वयंपाकघरातील माळा किंवा पश्चिमेच्या भिंतीचे कपाट अजिबात वापरू नये, कारण मे महिन्यातील काही आठवड्यांच्या उष्म्याने बूच वर सरकते आणि वाइन शिजते. वाइनसाठीचे वेगळे शीतकपाट नसेल तर ती बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात उन्हाळा काढू शकते, आणि पावसाळा सुरू झाला की घरातील सर्वांत थंड खोलीत हलवता येते.